पाचवी ओळ

दादाला मी फोनवर शाब्बास म्हणाले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण हे लिहायला बसले की हात दरवेळी तिथूनच वळसा घालून जायला बघतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढं माळावर. गावात घरटी एक तरी माणूस बाहेर असतो आणि तो बहुतेक गलाईत असतो. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं, चांदी, तांबं वेगळं काढायचं काम. कोण केरळात, कोण आसामात, कोण ओडिशात. देशातल्या कुठल्याही सराफबाजाराच्या मागच्या बोळात जा, एखाद्या खिडकीतून आमच्या बोलीतली शिवी ऐकू येईल. वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला, ही सगळी माणसं गावात उतरतात. देवळाचा कळस त्यांनी दिला, शाळेचं छत त्यांनी दिलं, वेशीतली कमान त्यांचीच. कमानीवर देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यातला कोण कशानं गेला, हे मात्र गावात कुठंच लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगतात, छाती भरली. बस्स. जणू छाती आपली आपण भरते.

दादा बारावी झाल्यावर आमच्या चुलत्यांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, तमिळनाडूत गेला. आबा थकून गावी परतल्यावर दुकान त्याच्याकडं आलं. मी शाळेत असताना एका मे महिन्यात आई मला घेऊन तिकडं गेली होती. बाजाराच्या मागं एक खोली, पुढं काउंटर, मागं भट्टी. तिथं दादानं मला जे दाखवलं, ते पुढं कराडच्या कॉलेजात तीन वर्षं मी फळ्यावर बघत होते.

काचेच्या भांड्यात नायट्रिक ॲसिड. त्यात सोन्याचांदीच्या मिश्रणाचे दाणे. दाणे उकळायला लागले.

"सोनं लय मानी असतंय," दादा म्हणाला. "ॲसिडाला भीक घालत न्हाई. चांदी इरघळती, तांबं इरघळतं. सोनं आपलं तळाला बसून ऱ्हातं."

"मग चांदी गेली कुठं?"

"पाण्यातच हाय की. दिसत न्हाई म्हंजे न्हाई, असं असतंय व्हय?"

मग त्यानं त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. जरा वेळानं पट्ट्यांवर करड्या लोकरीसारखी चांदी धरायला लागली आणि पाणी निळं निळं होत गेलं. मी बघतच राहिले. दादा म्हणाला, "तांबं पाण्यात उतरलं, म्हणून चांदी भाईर आली. विटा डेपोची यष्टी हाय ही. एक उतरल्याबिगर दुसऱ्याला जागा न्हाई." शेवटी उरलेल्या पाण्यात त्यानं मिठाचं पाणी टाकलं. पाण्यात दह्यासारखी पांढरी कवडी धरली. म्हणजे चांदी अजून शिल्लक होती. पुन्हा पट्टी टाकली. पुढं कॉलेजात त्या दह्याचं नाव सिल्व्हर क्लोराईड आहे असं सरांनी सांगितलं, तेव्हा बाकीची पोरं वहीत उतरवून घेत होती आणि मला दादाचा पिवळा पडलेला अंगठा आठवत होता.

कारण त्या खोलीत अजून एक गोष्ट तयार होत होती, जी कुणालाच नको होती. दाणे उकळताना वर लालसर-तपकिरी धूर यायचा. नायट्रोजन डायऑक्साइड. कॉलेजात हाच प्रयोग आम्ही चार थेंबांवर केला, तेही धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात. दादाकडं लिटरच्या मापात, आणि खिडकीला खिळे. शेजारच्या हॉटेलवाल्यानं तक्रार केली होती की धुरानं गिऱ्हाईक उठून जातं. मालकानं येऊन खिडकी ठोकून टाकली. धुराडं बांधायला परवानगी नाही, ब्लोअर लावला तर आवाज होतो. दागिने घालून मिरवणाऱ्यांच्या नाकाला वास नको, म्हणून तो सगळा आमच्या माणसांच्या नाकात. मला याचा राग यायचा, अजून येतो. माझ्या रागाला त्या काळी एक वाट मिळाली होती. कॉलेज संपल्यावर मी कामगारांच्या एका लहानशा संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला लागले. ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यावर. मला ते जमायचं. चार ओळींत माणूस चिडला पाहिजे, हे मी शिकले होते.

गलाईवर लिहायचं तर मुख्य अडचण गुळाची होती. आमच्याकडं प्रत्येक गलाईवाल्याच्या सामानात गुळाची ढेप असतेच. धूर लागला की गूळ खायचा, वर दूध प्यायचं आणि आडवं व्हायचं. धूर गुळाला चिकटून खाली उतरतो म्हणे. आबा तर सांगायचे, "चाळीस वर्सं काम केलं, निस्त्या गुळावर जगलो." सांगताना मध्ये दोनदा थांबून खोकायचे. मी एकदा म्हणाले, "आवं आबा, धूर जातोय छातीत आन् गूळ जातोय पोटात. त्यांची गाठ पडायची कुठं?"

आबा म्हणाले, "तू शिकलेली हायेस, तूच शोध."

मी शोधलं. आणि जे सापडलं ते असं. हा धूर छातीत गेला की तिथल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडते आणि भांड्यातलं तेच ॲसिड आत पुन्हा तयार होतं. पण लगेच कळत नाही. पहिल्यांदा खोकला येतो, डोळ्यांना पाणी येतं, मग सगळं थांबतं. माणूस म्हणतो, बरं वाटतंय. जेवतो, हसतो, झोपतो. आणि आत फुप्फुसं भाजत असतात. काही तासांनी, कधी पार दुसऱ्या दिवशी, त्यात पाणी भरायला लागतं आणि माणूस कोरड्या जागेत बसल्या बसल्या बुडतो. आमची माणसं गूळ खाऊन झोपायची आणि गुळाला गुण येतोय असं वाटायचं, ते या मधल्या वेळेमुळं.

म्हणजे पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच होती. मी ती लिहिलीही. लाल धूर लागल्यास काय करावं, याच्या पाच ओळी होत्या. एक, काम टाकून लगेच बाहेर पडा. दोन, मोकळ्या हवेत बसा. तीन, गूळ-दुधावर विसंबू नका. चार, खोकला पूर्ण थांबेपर्यंत कामाला हात लावू नका. पाच, खोकला थांबला तरी धोका टळलेला नसतो, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि एक दिवस-रात्र डॉक्टरांच्या नजरेखाली राहा.

छपाई उंब्रजला होती. हायवेच्या कडेला दुकान, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक छापणारा माणूस. मजकूर लावून त्यानं मला स्क्रीन दाखवली.

"ताई, एका पानात बसत न्हाई. फाँट बारीक करू?"

"नको. म्हाताऱ्या माणसांना दिसायचं नाही."

"मग एक वळ काढा. न्हाईतर खालची घोषणा काढा. तिनंच निम्मं पान खाल्लंय."

घोषणा अशी होती: आमची फुप्फुसं म्हणजे तुमच्या दागिन्यांची भट्टी नव्हे. मोठ्या जाड अक्षरात. ती मला सुचली तेव्हा मी संघटनेच्या खोलीत तीनदा मोठ्यानं वाचून दाखवली होती. मी स्क्रीनकडं बघितलं. चौथी आणि पाचवी ओळ साधारण एकच सांगतात, असं मी स्वतःला सांगितलं. खोकला दोन्हीकडं आहेच. दवाखान्याचं आपण तोंडी सांगू.

"पाचवी काढा," मी म्हणाले.

जत्रेत मी ते पत्रक वाटलं. कमानीखाली उभी राहून, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेतून आत देत होते. माणसांनी हसून घेतलं, खिशात घातलं. परत जाणाऱ्यांबरोबर ते केरळात गेलं, आसामात गेलं. तोंडी सांगायचं त्या गर्दीत, हलगीच्या आवाजात, राहून गेलं. चारपाच जणांना सांगितलं असेल. दादाला सांगितलं का, ते मला आठवत नाही. किती वेळा डोकं ताणलं, पण आठवत नाही. घरचाच माणूस, त्याला कधीही सांगता येईल, असं वाटलं असणार.

दादानं ते पत्रक प्लास्टिकमध्ये बंद करून भट्टीवरच्या भिंतीला लावलं. फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, पुढारणीचा कायदा लागू.

पावसाळ्यातली गोष्ट. मी कराडला होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादाचा फोन आला.

"काय गं पुढारणी, सभा चाललीय का खाणं?"

"दोन्ही. तू बोल."

"आज दुपारी धूर लागला लय. दाणं जरा जास्त पडलं, भसकन उकाळी आली. खोली लालेलाल. पर तुझ्या कागदावानी केलं सगळं. भाईर पायरीवर जाऊन बसलो. खोकला थांबला तवाच आत गेलो. आन् गूळ खाल्ला न्हाई बघ, तुझी शपथ."

मला इतकं बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी माझं लिहिलेलं वाचून तसं वागलं होतं, आणि तो माझा भाऊ होता. मी म्हणाले, "शाब्बास रं दादा."

त्या क्षणी पाचवी ओळ माझ्या डोक्यात आली का? आली. सरकन येऊन गेली. पण तो हसत होता, त्याचा आवाज नेहमीसारखा होता, आणि समोर लोक बसले होते. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वीटभट्टी कामगारांची बैठक होती. मी उठून बोलले की जागृतीनं फरक पडतो, माझ्याच घरातलं उदाहरण आहे. मी दादाची गोष्ट रंगवून सांगत होते तेव्हा खिशातला फोन थरथरत होता. बैठक संपल्यावर बघितलं, वहिनीचे नऊ फोन.

वहिनी तिकडं दादाबरोबरच राहायची. दादापेक्षा चांगली तमिळ बोलते. त्या दिवशी ती कुठल्याच भाषेत धड बोलत नव्हती. "वन्सं, सकाळपास्नं ह्यांना दम घावंना. ओठ निळं पडल्यात. तोंडातनं गुलाबी फेस येतोय. डागदर इचारत्यात कसला धूर, मला नाव येत न्हाई."

डॉक्टरांनी फोन घेतला. मी इंग्रजीत नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, धूर कधी लागला. काल दुपारी, मी म्हणाले. मग ते म्हणाले, कालच का आणलं नाही, लगेच आणायला हवं होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं का?

वहिनीनं फोन परत घेऊन विचारलं, "काय म्हनले?"

"प्रयत्न चाललेत म्हणाले," मी सांगितलं.

मिरजेहून गाडी धरून मी आणि आई गेलो. सगळ्या वाटेत आई एकच विचारत होती, "गूळ का खाल्ला न्हाई गं त्यानं?" मी खिडकीबाहेर बघत होते. काचेपलीकडं दादा नळ्यांत गुंडाळलेला दिसला, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त रसायनशास्त्र होतं. रक्तातलं पाणी निराळं होऊन श्वासाच्या जागी भरलंय. आता कुठली पट्टी आत सोडायची, म्हणजे ते बाहेर येईल?

तो वाचला. वाचला, हा शब्द लोक वापरतात म्हणून मी वापरते. दिवाळीच्या आधी त्याला गावी आणलं, मीही कराडहून घरी येऊन राहिले. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात देणारं मशीन त्याच्या खाटेशेजारी घुरघुरत असतं. संडासापर्यंत चाललं तर वीस मिनिटं बोलता येत नाही. वीज गेली की वहिनी आणि मी ऑक्सिजनच्या सिलिंडरकडं पळतो, आणि आमच्याकडं वीज जाते. यष्टीवरून विनोद करणारा माणूस आता वाक्यं मोजून बोलतो. पहिल्यांदा त्यानं क्रियापदं सोडली, मग माणसांची नावं. "पाणी." "उशी." "खिडकी."

मला पुढारीण म्हणायचं त्यानं बंद केलं. लांब शब्द आहे, म्हणून असेल.

आणि मी काय केलं? काही नाही. पत्रकं लिहिणाऱ्या, दुसऱ्याला चार ओळींत चिडवणाऱ्या मुलीनं सहा महिने एक ओळ लिहिली नाही. जुनं पत्रक देशभर भिंतींवर होतं. कुणीतरी कुठंतरी पायरीवर बसून खोकला थांबायची वाट बघत असणार, हे मला ठाऊक होतं. दुरुस्त करून छापायचं तर सांगावं लागलं असतं की आधीचं चुकलं होतं. संघटनेत म्हणाले, भावाचं आजारपण आहे. तेही खरं होतं, म्हणून त्याच्याआड लपता आलं. कारखानदार आकडे लपवतात म्हणून मी किती पानं काळी केली होती.

यंदाची जत्रा आली आणि गेली. मी कमानीकडं फिरकले नाही.

जत्रा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा भाऊ आला. बावीस-तेवीसचा. सैन्यभरतीला दोनदा पळाला, दोन्हीदा राहिला. दादाचं बंद दुकान आता तो उघडणार होता. आबांनी ठरवलं, वहिनीनं मान हलवली, कारण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. विट्याहून दुपारची गाडी होती. तो दादाच्या खाटेपाशी टेकला.

"दाजी, काय काळजी करू नगा. शिकतो मी. तितं आबांचं जोडीदार हायतच."

दादानं नुसता हात उचलला.

आईनं गुळाची ढेप आणून त्याच्या पिशवीत घातली. मी बघत होते. वहिनी आत गेली आणि दवाखान्याची फाईल घेऊन आली. एक्स-रे, कागद, आणि सगळ्यात मागं प्लास्टिकमध्ये बंद केलेलं माझं पत्रक. दुकान आवरताना तिनं ते भिंतीवरून काढून जपून आणलं होतं. एका कोपऱ्यावर तपकिरी डाग होता.

"ह्ये घे," ती भावाला म्हणाली. "वन्संनी लिवलंय. भट्टीच्या वर लाव. ह्यात लिवल्यावानीच वाग. ह्यांचं नशीब खोटं होतं, पर कागद खरा हाय."

त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. घडी पडू नये म्हणून एका वहीत ठेवायला लागला.

मी म्हणाले, "ते देऊ नको." कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी उठून त्याच्या हातातून ते ओढून घेतलं.

"यातली एक ओळ मी काढली होती," मी म्हणाले. "जागा नव्हती म्हणून. खोकला थांबला तरी दवाखान्यात जायचं असतं. त्याच दिवशी. मला ठाऊक होतं. छापायच्या आधीपासून."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्रक माझ्या हातातून घेतलं, उंबऱ्याजवळच्या उजेडात नेलं आणि बोट ठेवून सगळं वाचलं. तीन-चार महिने तिच्या डोळ्यांसमोर ते भिंतीवर होतं, पण काम दादाचं म्हणून तिनं ते कधी वाचलं नसावं. शेवटच्या जाड अक्षरांवर तिचं बोट थांबलं.

"ही वळ ऱ्हावी म्हणून?"

"होय."

आई म्हणाली, "काय बोलतीयास गं तू?" मशीन घुरघुरत होतं.

"फोन आलता तवा?" वहिनीनं विचारलं. "सांजचं तुमाला फोन केलता ह्यांनी. तवा ठावं हुतं?"

"होय."

वहिनी खाली बसली. तिचा भाऊ पिशवीचे बंद हातात धरून उभा. मला वाटलं, आता तो जाणार नाही, निदान एवढं तरी होईल. पण गाडीची वेळ झाली होती आणि तो जाणारच होता.

खाटेवरून दादाचा आवाज आला. डोळे मिटलेले होते. "लिवू दे... तिला." मग बराच वेळ नुसता श्वास. "तो... जायच्या आत."

वहिनीनं प्लास्टिकची कड दातानं फाडली, पत्रक बाहेर काढून माझ्यापुढं टाकलं. पेन नव्हतं, तिच्या भावानं खिशातलं दिलं. खाली जागा नव्हतीच. मी घोषणेवर आडव्या रेघा मारल्या आणि तिच्यावरच, जाड अक्षरांच्या मधनं मधनं, पाचवी ओळ लिहिली. शाई नीट दिसत नव्हती. मागची बाजू कोरी होती, तिथं पुन्हा मोठ्यानं लिहिली. वहिनी उभी राहून एकेक अक्षर बघत होती. झाल्यावर तिनं भावाला ते मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. मग त्याच्या पिशवीतून गुळाची ढेप काढून उंबऱ्यावर ठेवली.

तो गेला. त्यानंतर मी आबांकडं गेले आणि त्यांच्या वहीतले नंबर उतरवून घेतले. रोज सकाळी एकेकाला फोन लावते. नाव सांगते, गाव सांगते, आणि पत्रकात चूक होती, ती माझी, असं सांगते. काहींचे फोन बंद लागतात. एकाच्या बायकोनं उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता कशाला सांगताय? तिनंच फोन ठेवला.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. वीज गेली की मात्र दोघी एकाच वेळी सिलिंडरकडं धावतो. ती नळी जोडते, मी चावी फिरवते.